सुदामभाऊजींची निळी ठिणगी

आमच्या सुदामभाऊजींच्या गाडीत बसायचं तर आधी बांगड्या काढून द्याव्या लागत. मग पर्स. मग कमरेची किल्ली. एवढं करून मी एकदा बसले, तर भाऊजी दार धरून उभेच. म्हणाले, "वहिनी, पदर जरीचा आहे का?"

काचेच्या बांगड्यांवरून आमचं वाजलं. सवाष्ण बाई काचेच्या बांगड्या उतरवत नाही, हे मी त्यांना ठणकावून सांगितलं. त्यांनी मान वाकडी करून थोडा विचार केला आणि तडजोड सुचवली, "बरं, राहू द्या. पण वळणावर हात स्थिर ठेवा."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मखमलाबादला आमचा गुलाबाचा आणि शेवंतीचा मळा. माझे यजमान रोज सकाळी फुलं घेऊन नाशकात फुलबाजारातल्या आमच्या गाळ्यावर जायचे. भाऊजींनीही तेच करावं अशी सगळ्यांची इच्छा होती, म्हणजे भाऊजी सोडून सगळ्यांची. ते सातपूरला एका कारखान्यात टर्नर होते आणि उरलेला सगळा वेळ विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये असत. तिथे त्यांची लाल गाडी होती. भंगारातून आणलेली. ती त्यांनी शर्यतीची केली होती. नव्वदच्या दशकात आमच्याकडे अशा शर्यतींचं वेड होतं. मोकळ्या माळावर चुन्याच्या रेघा मारायच्या, चार ड्रम उभे करायचे आणि धुरळा उडवत फेऱ्या मारायच्या. बघणारे घरी येऊन दोनदा आंघोळ करायचे.

शर्यतीच्या गाडीला भाऊजींच्या मते दोनच शत्रू. एक वजन, दुसरी पिवळी ठिणगी.

वजनाचं आधी सांगते. फुलं तोलायचा घरचा काटा त्यांनी शेडमध्ये नेऊन टांगला होता. गाडीतली प्रत्येक वस्तू त्या काट्यावर चढली आणि बहुतेक परत गाडीत गेल्याच नाहीत. मागची सीट आमच्या ओसरीवर आली. आमचे पाहुणे तिच्यावर बसायचे आणि "गाडी थांबली का?" असा विनोद करायचे. जे काढता येईना, त्याला भाऊजी ड्रिलने भोकं पाडायचे. ब्रेकच्या पायट्याला भोकं, दारांना आतून भोकं. नवीन ड्रिल आणलं त्या दिवशी हात बसावा म्हणून माझ्या उलथण्यावर प्रयोग केला. तेव्हापासून आमच्या घरात उलथणं नाही, दोन झारे आहेत.

काटा तरी नावालाच. वस्तू तळहातावर घेतली की ते वजन सांगायचे आणि काटा मुकाट्याने त्यांचं म्हणणं मान्य करायचा. माझा थोरला झाला तेव्हा दवाखान्यात त्याला हातात घेऊन त्यांनी जे वजन सांगितलं, तेच नंतर नर्सने कागदावर लिहिलं. पुढे म्हणाले, "चांगलं आहे. पण डोकं जड आहे." ते आजही खरं आहे.

आता ठिणगी. इंजिनातला प्लग काढायचा, त्याला वायर लावून लोखंडाला टेकवून धरायचा आणि स्टार्टर मारायला सांगायचं. प्लगच्या टोकाला ठिणगी उडते. ती निळी, जाड, टच्चकन आवाज करणारी आली की इंजिनाची प्रकृती उत्तम. पिवळी, उदबत्तीच्या टोकासारखी बारीक आली की समजायचं, गाडी ऐन जोरात असताना गचके खाणार. हेच मोजमाप ते माणसांनाही लावायचे. सभेत कुणी तावातावाने भाषण करू लागला की माझ्या कानाशी, "आवाज मोठा, ठिणगी पिवळी." माझे यजमान गाळ्यावरून दमून आले की, "दादाची बॅटरी उतरली, वहिनी. चहा लावा." आणि माझ्याबद्दल? "तुमची निळी आहे. फक्त टायमिंग पुढे आहे, वेळेआधीच उडते."

खरंच होतं. तेव्हाची मी म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं आणि तेवढ्या भांडवलावर मी घरातल्या सगळ्यांची मनं वाचायची. एकाचंही बरोबर वाचल्याचं आठवत नाही. पण आत्मविश्वास असा, की त्याच्यावर ट्रॅक्टर चालला असता.

भाऊजींच्या लग्नाचा विचार मीच घरात आणला. सायखेड्याचं स्थळ होतं, मुलगी गोरीगोमटी, बारावी झालेली. आम्ही सगळे बघायला गेलो. पोहे आले, आणि बाहेर मुलीच्या वडिलांची स्कूटर किक मारून मारूनही सुरू होईना. भाऊजींनी ताटली खाली ठेवली. पुढचा सगळा कार्यक्रम अंगणात झाला. मुलगी चहा घेऊन तिथेच आली. भाऊजींनी मान वर न करता तिच्या हातात प्लगची वायर दिली आणि म्हणाले, "जरा धरता का, मी किक मारतो."

ठिणगी निळी होती. मुलगी किंचाळली, कपबशा फुटल्या, आणि स्कूटर सुरू झाली. परत येताना भाऊजी एवढंच म्हणाले, "प्लग खराब नव्हता. उगाच बदलला असता त्यांनी."

त्या संध्याकाळपासून माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, भाऊजींशी अबोला धरला. आत्याबाईंचा अबोला म्हणजे घरात एकदम दुप्पट बोलणं. कारण जे भाऊजींना सांगायचं ते माझ्यामार्फत जायचं, आणि भाऊजी समोरच बसलेले असायचे.

"सुमन, त्याला म्हणावं गिळायला ये."

"भाऊजी, जेवायला चला."

"वहिनी, आईला सांगा भूक नाही."

"सुमन, त्याला म्हणावं दुपारी बी नाय जेवला. पत्रं खाऊन जगतो का म्हणावं."

मी घरात नसले तर निरोप अंगणातल्या तुळशीमार्फत जायचे. गाडीकडे तर आत्याबाई मान फिरवूनच जायच्या. शेडजवळून जाताना डोक्यावरचा पदर त्या बाजूला ओढून घ्यायच्या, सासरा आडवा आल्यासारखा. असं वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं.

त्यातच गाडीने दगा द्यायला सुरुवात केली. शर्यतीत पहिली फेरी झकास जायची, दुसऱ्या फेरीत फट फट करून गचके खायची आणि ड्रमपाशी उभी राहायची. लागोपाठ तीन शर्यतींत हेच. लोक हसायचे. शेवटी माझ्या यजमानांनी एक दिवस गाळ्याचा विषय काढला. भाऊजी म्हणाले, "अजून एक शर्यत. या रविवारी गाडी शेवटपर्यंत गेली नाही तर विकून टाकतो आणि गाळ्यावर बसतो. शब्द देतो."

आत्याबाई अंगणात होत्या. त्यांनी तुळशीला विचारलं, "ऐकलं ना, बाई? साक्षीला राहा."

मग तो आठवडा. भाऊजींनी रजा टाकली. सकाळी प्लग काढून ठिणगी बघायचे, पिवळी. मग अंगात आल्यासारखे कामाला लागायचे. पहिल्या दिवशी प्लग बदलले, सगळं रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसलं, संध्याकाळी ठिणगी निळी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पिवळी. मग ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट घासले, गेजची पत्ती घालून फट बसवली, सगळं पुसलं, संध्याकाळी निळी. सकाळी पिवळी. कंडेन्सर बदलला. वायरी बदलल्या. बॅटरी चार्ज केली. शेवटी कॉइल बदलली. कॉइल म्हणजे एक काळा, गोल, मुठीएवढा जाडजूड डबा. बॅटरीच्या थोड्याशा विजेचे हजारो व्होल्ट करून प्लगला पाठवणारा. "हिच्यात दम नाही राहिला," म्हणाले. नवी बसवली, संध्याकाळी अशी निळी ठिणगी, की मला हाक मारून दाखवली. जुनी कॉइल उकिरड्याकडे गेली. सकाळी पुन्हा पिवळी.

"रोज संध्याकाळी बरी होते आणि रोज सकाळी आजारी पडते," भाऊजी डोक्याला हात लावून म्हणाले. "असं कुठलं दुखणं असतं, वहिनी?"

मी मानसशास्त्राच्या अधिकाराने म्हणाले, "मनाचं."

कारण तोवर मला एक पुरावा सापडला होता. त्यांचं पुसायचं फडकं धुवायला घेतलं, तर त्यावर लाल डाग. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माळावरची माती." पण माती आणि कुंकू यांतला फरक मला कळत होता. रजेवर असलेला अविवाहित दीर, फडक्यावर कुंकू. मी काय समजायचं ते समजले. यजमानांना म्हणाले, "भाऊजींनी गुपचूप लग्न केलंय. म्हणून ठिणगी पिवळी आहे." यजमानांनी कूस बदलली. आमच्या संसारात माझ्या शोधांना हाच प्रतिसाद मिळत आला आहे.

शुक्रवारी दुपारी भाऊजींनी मला मदतीला बोलावलं. त्या सकाळी त्यांनी ठिणगी बघण्यापलीकडे गाडीला हात लावला नव्हता, पुसलंही नव्हतं. म्हणाले, "वीज कुठून तरी गळतेय. गळती अंधारात दिसते. रात्रीपर्यंत थांबवत नाही. गोधडी आणा."

वाफ घेताना आपण डोक्यावरून चादर घेतो ना, तसं. बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि त्याच्यावर वाकलेले आम्ही दोघं, वरून माझ्या माहेरची जाड गोधडी. आत धूर, पेट्रोलचा वास, कानठळ्या. "पंख्याला केस लागू देऊ नका," भाऊजी ओरडले. आणि मग डोळे सरावले, तसं मला दिसलं. कॉइलच्या डोक्यावरून एक निळा धागा निघायचा, सापाच्या पिल्लासारखा वळवळत खालच्या लोखंडात शिरायचा. पुन्हा निघायचा, पुन्हा शिरायचा. प्लगला जायची ती वीज मधल्यामध्ये पळून चालली होती. दुपारी तीन वाजता गोधडीखाली इतकं सुंदर काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

तेवढ्यात यजमान गाळ्यावरून आले. त्यांना काय दिसलं असेल, तर गाडीने पांघरलेली गोधडी आणि तिच्याखालून बाहेर आलेले चार पाय, त्यांतले दोन बायकोचे.

"काय चाललंय?"

आतून भाऊजी ओरडले, "दादा, गप्प बस. सापडतंय."

त्यांनी इंजिन बंद केलं. कॉइलच्या डोक्यावरून बोट फिरवलं, उजेडात धरलं, नाकाशी नेलं. आणि त्यांचा चेहरा एकदम वेगळाच झाला. मी म्हटलं, "काय आहे?"

"दव," ते म्हणाले आणि लाल झालेलं बोट न पुसताच शेडबाहेर गेले.

दव लाल नसतं. माझी खात्री झाली, की ती बाई सकाळी सकाळी शेडमध्ये येते. शनिवारी उजाडायच्या आत मी यजमानांचा स्वेटर चढवला, मफलर गुंडाळला आणि शेडमध्ये फुलांच्या रिकाम्या करंड्यांमागे जाऊन बसले. थंडी अशी, की दात वाजू नयेत म्हणून मी मफलरचं टोक चावत होते. एका करंडीत शेवंतीचा कचरा होता, त्याने शिंक येत होती. पण मी विचार केला, इतिहासात असे क्षण येतात.

बाई आली. एका हातात पूजेचं ताट. दुसऱ्या हाताने तिने सफाईने बॉनेटचा खटका दाबला आणि बॉनेट वर केलं. मला ते अजून जमत नाही.

त्या आत्याबाई होत्या.

सगळ्या लोखंडात ती एकच वस्तू काळी, गोल, उभी, वर शेंडीसारखी वायर असलेली. आत्याबाईंना ती पिंडी दिसली यात त्यांचं काय चुकलं? त्यांनी कॉइलवर पळीभर गंगेचं पाणी घातलं, आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, मग ओल्या बोटाने हळद लावली, कुंकू लावलं. आणि हात जोडून गाडीला म्हणाल्या, "आवडत नायस तू मला, खरं सांगते. पण त्याला नीट ने आन नीट आन. मधीच बसत जाऊ नको, बये. लोक हसत्यात माझ्या पोराला."

गाडी बंद पडली तर मुलगा गाळ्यावर बसणार होता, तुळशीच्या साक्षीने. आणि या बाई रोज पहाटे ती चालावी म्हणून साकडं घालत होत्या, आणि त्यांच्याच पाण्याकुंकवाने ती बंद पडत होती.

त्या गेल्या तशी मी धावत विहिरीवर गेले. भाऊजी दात घासत होते, दांडी अर्धी कापलेल्या ब्रशने.

"भाऊजी, बाई सापडली."

"कोणती बाई?"

"तुमची. आत्याबाई आहेत त्या."

भाऊजींनी चूळ भरली. "कालच कळलं. कुंकवाला आईच्या देव्हाऱ्याचा वास होता. कापराचा."

"मग सांगून टाका त्यांना. पाण्याने ठिणगी मरते म्हणावं."

"काय सांगू? तू देवाचं करतेस म्हणून माझी गाडी बंद पडते? दोन वर्षांत माझ्यासाठी तेवढंच एक करतेय ती."

"मग नका सांगू. उद्या माळावर पोचलात की फडक्याने पुसून घ्या. कोण बघतंय?"

"इतके दिवस पुसलं ते माती समजून. आता कळल्यावर कसं पुसू, वहिनी? आईने लावलेलं कुंकू पुसून कुणी घराबाहेर पडतं का?"

मानसशास्त्राच्या पुस्तकात हा धडा नव्हता. पुसावं तर अपशकुन, ठेवावं तर गाडी गेली आणि गाळा कपाळी. भाऊजी शेडमध्ये शिरले, आतून कडी घातली. दिवसभर पान्यांचा आवाज येत होता. मध्ये एकदा बाहेर येऊन उकिरड्याकडे गेले आणि लगेच परतले. मी समजले, भाऊजींचं डोकं फिरलं.

रविवारी पहाटे आत्याबाईंनी आपलं काम केलं, मी खिडकीतून पाहिलं. मग भाऊजी निघाले. माळावर मी यजमानांचा दंड धरून उभी होते. पहिली फेरी झाली. दुसरी सुरू झाली, ड्रमपाशी आली, माझी नखं यजमानांच्या दंडात रुतली. गाडी ड्रमला वळसा घालून गेली. तिसरीत गेली, चौथीत गेली. एक गचका नाही. आवाज असा, की कापड फाडत नेल्यासारखा. नंबर आला नाही, आला असता तर मी सांगितलाच असता. पण लाल गाडी शेवटच्या चुन्याच्या रेघेवरून आपल्या पायांनी पलीकडे गेली.

मी सगळ्यांना सांगत सुटले, की मी आदल्या दिवशी विहिरीवर दोन शब्द बोलले, त्याने भाऊजींना मनोबल मिळालं. हे मी पुढे बरीच वर्षं सांगितलं. भाऊजींनी एकदाही खोडलं नाही.

घरी आलो तेव्हा आत्याबाई फाटकापाशी शेवंती तोडत होत्या. म्हणजे तोडत होत्या त्या कळ्या होत्या, त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं. गाडी आत आली. भाऊजी धुळीने माखलेले, फक्त डोळे दिसत होते. आत्याबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी निरोप पोचवायला सवयीने पुढे झाले.

"सुदाम," आत्याबाई म्हणाल्या, "हातपाय धू. पिठलं गार व्हतंय."

भाऊजींनी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी सुदाम उभा आहे का म्हणून.

पुढे दोन हजार साल उलटलं. आत्याबाई गेल्या. भाऊजींनी लग्न केलं नाही, शर्यती मात्र बराच काळ केल्या. गाडीला आधुनिक काय काय आलं, पॉइंट आणि कंडेन्सर गेले, ठिणगी इलेक्ट्रॉनिक झाली. वजनाचं वेड वाढतच गेलं. हॉर्न काढला, आरसा काढला, रंगसुद्धा घासून पातळ केला. आता गुडघे दुखतात म्हणून ते माळावर जात नाहीत, पण रोज सकाळी शेडमध्ये जाऊन इंजिन चालू करतात.

एकदा मी लोणच्याच्या बरण्या ठेवायला जागा शोधत शेडमध्ये गेले. बॉनेट उघडं होतं. सहज वाकले, तर आत दोन कॉइल. एक लहान, नव्या पद्धतीची, पार मागे खाली, रबराच्या टोपीत लपवलेली, वायरी जोडलेली. आणि समोर, ऐन दर्शनी, चांगल्या दोन बोल्टांनी आवळलेली ती जुनी काळी. उकिरड्यावर गेलेली. तिला शेंडीची वायर होती, पण ती मागे जाऊन कुठेच जोडलेली नव्हती. नुसती खोचून ठेवलेली. त्या मेलेल्या कॉइलवर कुंकवाचं पूट चढलं होतं, सालीसारखं, थरावर थर. म्हणजे त्या शनिवारी दाराला कडी घालून हे चाललं होतं, आणि मी माझं मनोबल वाटत फिरत होते.

मी बोट लावलं. वरचा थर ओला होता.

आत्याबाईंना जाऊन दोन पावसाळे झाले होते.

भाऊजी दारात येऊन उभे होते, हातात चहाचा कप. मी कॉइलकडे बोट दाखवलं, "भाऊजी, माझ्या बांगड्या काढून घेत होता तुम्ही. हिचं वजन किती हो?"

काटा त्यांच्या मागेच टांगलेला होता. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"हलकी आहे," ते म्हणाले.

मी बोट पदराला पुसलं आणि बरण्या दुसरीकडे ठेवायला गेले.